घेतलं आणि सोडलं

दुसऱ्यांची घरं हलवण्यात ज्या घराची हयात गेली, त्या घराला स्वतःचं घर हलवायची वेळ आली तेव्हा मात्र कुणालाच काही सुधरेना. सकाळपासून कुठली भांडी कुठल्या खोक्यात गेली याचा पत्ता नव्हता. चहाची गाळणी पडद्यांच्या गठ्ठ्यात सापडली. काचेचं सामान कसं बांधायचं हे शाळेत जायच्या आधी शिकलेल्या थोरल्याने आईच्या आरशाला तडा पाडला.

"तुमचे बाबा असते तर आज दोघांनाही कामावरून काढलं असतं त्यांनी," आई म्हणाली आणि तडा गेलेल्या आरशातच बघून तिने केस सारखे केले.

गोडाऊनच्या मालकाने जागा परत मागितली होती. खालचं गोडाऊन गेलं म्हणजे त्याच्यावरचं घरही गेलं. आई थोरल्याकडे राहायला जाणार हे ठरलं होतं. त्याची बायको, थोरली, सकाळच्या पहिल्या खेपेबरोबर पुढे गेली होती आणि तिकडे सामान उतरवून घेत होती. दुपार कलेपर्यंत इथल्या खोल्या इतक्या मोकळ्या झाल्या की आपलंच बोलणं घुमून परत यायला लागलं. भिंतीवर खिळे तेवढे राहिले. त्यांच्यावर एके काळी सामान उचलायचे पट्टे लटकायचे, आणि घराला कायम घामाचा आणि कॅनव्हासचा वास असायचा. त्या वासाला लहानपणी दोघं भाऊ वैतागायचे. आता भिंतीला नाक लावलं तरी तो येत नव्हता.

राहिलं होतं ते मधल्या खोलीतलं जेवणाचं टेबल. ते मुळात या घराचं नव्हतंच. कुणा डॉक्टरचं सामान हलवताना ते त्यांच्या नव्या घराच्या दारातून आत जाईना. वैतागून डॉक्टर म्हणाले, तुम्हीच घेऊन जा. बाबांना कोण आनंद झाला. त्यांनी ते इथवर आणलं, इथल्याही दारातून ते जाईना, तेव्हा त्यांनी दाराची चौकट काढली, भिंत फोडली आणि टेबल आत घेतलं. त्याचे पाय स्क्रूने सुटे होतात हे पुढे कित्येक वर्षांनी धाकट्याच्या लक्षात आलं. बाबा त्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

टेबलाभोवती आता चौघं उभ्याने चहा पीत होती, कारण खुर्च्या गेल्या होत्या. तेवढ्यात धाकटीचा, म्हणजे धाकट्याच्या बायकोचा, फोन वाजला. तिने वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"झालं मंजूर," ती म्हणाली. "नवं कार्ड आलं माझ्या नावावर. आता याची बाकी तिकडे वळवून टाकते. दीड वर्ष एक पैसा व्याज नाही."

धाकट्याने पटकन चहाचा पेला तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

"कसली बाकी?" थोरल्याने विचारलं.

सांगायचं आपल्या नवऱ्याने, पण तो सांगणार नाही हे धाकटीला माहीत होतं, म्हणून तिनेच सांगितलं. बाबा गेल्यापासून ट्रक चालवायचा खर्च धाकटा क्रेडिट कार्डावर करत आला होता. कामं कमी झाली, ट्रक म्हातारा झाला, आणि कार्डावरची बाकी फुगत गेली. दर महिन्याला तो कमीत कमी जेवढं भरावं लागतं तेवढंच भरायचा. ते सगळं व्याजातच जायचं. मुद्दल जागचं हलत नव्हतं.

"म्हणजे सामान हलवणाऱ्यांच्या घरात तेवढं एकच हलेना," थोरला म्हणाला, पण त्याला स्वतःलाच हसू आलं नाही. तो विमा कंपनीत होता. असल्या योजनांची बारीक अक्षरं वाचण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "हे बघ, बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे फुकटचं काही नसतं. वळवायची फी लागते, ती त्याच रकमेवर चढते. एक हप्ता चुकला की सवलत गेली. दीड वर्षात फिटलं नाही तर पुढचं व्याज जुन्याच्या वरताण. आणि नाव कुणाचं लागणार? तुझं. याने उद्या हात वर केले तर बँक तुझ्या दारात."

"मला माहीत आहे, दादा."

"तुझ्या लॅबचं काय मग? तू आणि ती तुझी मैत्रीण कर्ज काढणार होतात ना? तुझ्या नावावर एवढं ओझं बघून कुठली बँक दारात उभं करेल?"

"लॅब थांबेल दोन वर्षं. लोकांचे दात कुठे पळून जात नाहीत. गेले तरी आमचा धंदाच होईल."

धाकटी एका दंतवैद्यकीय लॅबमध्ये कवळ्या बनवायची. सहा वर्षं ती दुसऱ्याच्या हाताखाली राबली होती. स्वतःच्या लॅबसाठी तिने जागा बघून ठेवली होती, उत्तरेकडच्या खिडकीची, कारण दातांचा रंग जुळवायला तसा उजेड लागतो. हे सगळं थोरल्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याला राग येत होता. भावाचा राग, आणि त्याहून जास्त स्वतःचा. बाबा गेले तेव्हा याच टेबलाशी बसून त्याने धाकट्याला म्हटलं होतं, तू गाडी चालू ठेव, पैशाचं मी बघतो. पहिले काही महिने त्याने बघितलंही. मग मुलीची शाळा आली, घराचे हप्ते आले, आणि धाकट्याने परत कधी मागितलं नाही. मागितलं नाही म्हणजे चाललं असेल, असं थोरल्याने सोयीने धरून टाकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" तो भावावर खेकसला.

"काय सांगायचं? तुझंच भागत नाही."

"हे कोण बोललं तुला?"

"वहिनी."

खिडकीच्या कट्ट्यावर टेकून आई दोघांकडे बघत होती.

धाकटीला खरं तर कुणाची परवानगी नको होती. तिचं मन त्याच दिवशी ठरलं होतं ज्या दिवशी तिने हा माणूस पहिल्यांदा बघितला. लॅब एका इमारतीतून दुसरीत हलवायची होती. दात भाजायची भट्टी एवढी जड की तिला हात लावायला कुणी तयार होईना. मग एक लाल ट्रक आला. त्यातून एक पिकल्या मिशांचा माणूस आणि त्याचा लाजाळू पोरगा उतरला. म्हाताऱ्याने तिलाच विचारलं, "बाई, आत काय आहे?" तिने सांगितलं, विटा आहेत, डावी बाजू जड आहे, दार नीट लागत नाही. म्हातारा खूश झाला. म्हणाला, नीट सांगणारं गिऱ्हाईक लाखात एक. मग जिन्याच्या वळणावर बापाच्या खांद्यावरून पोराच्या खांद्यावर वजन जाताना तिने ते पहिल्यांदा ऐकलं.

"घेतलं," पोरगा म्हणाला.

"सोडलं!" म्हातारा गरजला. सगळा जिना दणाणला. आणि मगच पोराने पाऊल उचललं.

तो या घराचा नियमच होता. घेणाऱ्याने आधी विचारायचं, आत काय आहे. देणाऱ्याने खरं सांगायचं. मग घेणारा म्हणणार घेतलं, देणारा म्हणणार सोडलं, आणि ते ऐकू येईपर्यंत घेणाऱ्याने जागचं हलायचं नाही. एकाने पाऊल टाकलं आणि दुसऱ्याचा हात अजून वजनाखाली असला, की दोघंही गेलेच. बाबांच्या एका जुन्या जोडीदाराची बोटं अशीच गेली होती. नुसत्या मानेने होकार दिलेला बाबांना चालत नसे. आवाज लागायचा. लग्नानंतर धाकटीला त्या आवाजाचा इतका नाद लागला की बाबा नुसतं पाण्याचं भांडं हातात द्यायला लागले तरी ती म्हणायची, घेतलं. आणि बाबा स्वयंपाकघरात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, सोडलं! त्यांची आठवण आली की तिला अजून रडू यायचं. तेव्हा ओझं उचलायला ती कशी मागे राहणार होती?

"मी घेते आहे, म्हणजे घेते आहे," ती म्हणाली. "फोनवर एक बटण दाबायचं, झालं."

"थांब," आई म्हणाली. "आत काय आहे ते विचारलंस का?"

धाकटी थबकली. आकडा तिला माहीत होता. आत काय आहे हे तिने खरंच कधी विचारलं नव्हतं.

"तू सांग रे," आई धाकट्याला म्हणाली. "गिऱ्हाइकाला सांगतोस तसं नीट सांग."

धाकट्याने टेबलाच्या कडेवर अंगठा घासायला सुरुवात केली. लहानपणी उत्तर येत नसलं की तो हेच करायचा. टेबलाच्या त्या कडेला त्याचा खड्डाच पडला होता.

"टायर आहेत," तो म्हणाला. "दोनदा. गिअरबॉक्स आहे. विमा आहे."

"आमच्याच कंपनीचा," थोरला पुटपुटला.

"डिझेल आहे. हमालांची मजुरी आहे, त्या पावसाळ्यातली, काम नव्हतं तेव्हाची. त्यांना कसं सांगणार येऊ नका म्हणून? बाबांच्या वेळची माणसं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, थोडं."

"ते विम्यातून झालं म्हणालास मला," आई म्हणाली.

"अर्धं झालं. आणि..." तो बायकोकडे बघायचं टाळत म्हणाला, "ते घड्याळ आहे."

धाकटीने मनगटाकडे बघितलं. वाढदिवसाला त्याने ते घड्याळ दिलं तेव्हा ती त्याच्यावर रागावली होती आणि मग आठवडाभर येईल त्याला दाखवत फिरली होती.

"म्हणजे माझ्या घड्याळाचे हप्ते मी भरणार?"

"तसंच काहीसं."

आधी थोरला हसला, मग आई. मग धाकटीला इतकं हसू आलं की तिला पेला खाली ठेवावा लागला. रिकाम्या घरात ते हसणं भिंतींना आपटून मोठं होऊन परत आलं. क्षणभर असं वाटलं की शेजारच्या खोलीत आणखी कुणीतरी हसतं आहे, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, खोकत खोकत. चौघांनीही एकदमच तिकडे वळून बघितलं.

"बरं," आई म्हणाली. "हे झालं. आता दुसरं. बाकी हिच्या कार्डावर गेली. मग ते तुझं जुनं कार्ड कुणाच्या खिशात राहणार?"

"माझ्याच."

"कोरं?"

"हो. म्हणजे, राहू दे ना अडीनडीला. लालीला कधी काय लागेल सांगता येत नाही. क्लच धरतो आहे तिचा हल्ली."

लाली म्हणजे ट्रक. खिडकीतून ती दिसत होती, खाली अंगणात, मागचा फाळका उघडा टाकून. रंग उडून तिचा लाल आता विटकरी झाला होता, पण दारावरचं बाबांनी स्वतः रंगवलेलं फूल अजून शाबूत होतं. एका फर्निचरवाल्याने तिला दोनदा मागणी घातली होती. दोन्ही वेळा धाकट्याने त्याला वाटेला लावलं होतं. बाबांना दवाखान्यात त्याने तिच्यातूनच नेलं होतं. अँब्युलन्स नको, असं ते हट्टाने म्हणाले होते. वाटेत प्रत्येक चौकात ते सांगत होते, इथे अमक्याचं कपाट उतरवलं, तिथे तमक्याचा पियानो चढवला. शेजारची ती सीट धाकट्याने अजून कुणाला बसायला दिली नव्हती. ती सीट विकायची कशी, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

धाकटीने फोन हळूच टेबलावर उपडा ठेवला. ओझ्याचं तिला भय नव्हतं. पण ती पायऱ्या उतरत राहणार आणि वरून हा आणखी सामान चढवत राहणार, हे चित्र तिने आधी बघितलंच नव्हतं.

"जुनं कार्ड बंद करायचं असं मी धरूनच चालले होते," ती म्हणाली.

"अगं, वापरणार नाही मी. लागलं तरच."

"लागणारच आहे! क्लच धरतो आहे म्हणालास ना आत्ता?"

आणि आतापर्यंत भावावर तडकलेला थोरला एकदम त्याच्या बाजूने उभा राहिला. "गाडीला बोलू नका हं. ती बाबांची आहे. क्लचचं मी बघतो."

"तुम्ही बघता म्हणूनच इथवर आलं, दादा," धाकटी म्हणाली आणि तिने लगेच जीभ चावली. पण शब्द गेला होता. थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आई कट्ट्यावरून उठली. टेबलाजवळ येऊन तिने दोन्ही तळवे त्याच्यावर टेकले.

"तुम्हाला एक सांगते. ह्यांच्याबद्दल वाईट बोलायचं म्हणून नाही. तुमच्या बाबांसारखा माणूस मला सात जन्मांत मिळणार नाही. पण लाली घेतली तेव्हा त्यांचं टायरवाल्याकडे उधार फार झालं होतं. टायरवाला जिन्यात येऊन बसायचा. मला ते बघवेना. मी तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात होते. तिथल्या पतपेढीतून माझ्या नावावर कर्ज काढलं आणि त्याचं सगळं देऊन टाकलं. याच टेबलाशी बसून मी ह्यांना म्हटलं, घेतलं."

"मग?" धाकट्याने विचारलं.

"मग काय? डोळे भरून आले त्यांचे. माझे हात धरून बसले. फार गोड दिवस होता तो. आणि पुढच्याच महिन्यात टायरवाल्याकडून नवे टायर घेऊन आले. उधार. खातं कोरं झालं होतं ना, तो हसत द्यायला तयार. मी पगारातून एक फेडत होते आणि वरून दुसरं येत होतं. तुम्हाला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही ना, दोन वर्षं? ते हे."

"तू म्हणालीस गाडीने उलटी होते मला," थोरला म्हणाला.

"ट्रकमध्ये वाढलेल्या पोराला गाडीने उलटी? आणि तुम्ही विश्वास ठेवलात." ती हसली. "जिन्यावर त्या माणसाने जन्मात चूक केली नाही. पट्ट्यावरून हात काढल्याशिवाय कधी बोलले नाहीत, बोलल्याशिवाय कुणाला हलू दिलं नाही. घरात मात्र मी घेतलं म्हटलं आणि त्यांनी सोडलं म्हटलंच नाही. आणि मीही न ऐकताच पाऊल टाकलं. मला राग नाही त्यांचा. पण ते ऐकायचं राहून गेलं माझं."

बाहेर लालीच्या फाळक्यावर एक चिमणी येऊन बसली आणि उडून गेली.

"चला," शेवटी थोरला म्हणाला. "टेबल राहिलं आहे. ऊन उतरायला लागलं."

पाय सोडवले. वरची फळी उभी केली. तशी ती दारातून अलगद बाहेर आली. ते बघून प्रत्येकाला बाबांची फोडलेली भिंत आठवली. थोरला वर, धाकटा खाली, दोघांच्या खांद्यांवर पट्टे. दोघं भाऊ असे एका वजनाखाली कित्येक वर्षांत आले नव्हते. तरी पहिल्या चार पायऱ्यांतच त्यांची पावलं जुळली. थोरल्याच्या मनात आलं, नोकरी धरली तेव्हा आपण हे असं न बोलता चालणं सोडून गेलो होतो. त्याला ते फार लागलं.

जिन्याच्या वळणावर फळी तिरकी करताना धाकट्याच्या डाव्या खांद्यातून कळ गेली. तो थांबला. दात आवळले.

"खांदा?" वरून थोरल्याने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणे," धाकटी म्हणाली. ती दोन पायऱ्या खाली उभी होती. वर येऊन ती त्याच्या शेजारी वाकली. "आत काय आहे?"

"हे टेबल आहे. आत काय असणार?"

"विचारायचं असतं."

तो हसला. "उजवी बाजू जड आहे. खालच्या कडेला माझ्या अंगठ्याचा खड्डा आहे, तिथे धर. चांगली पकड मिळते."

तिने पट्टा आपल्या खांद्यावर घेतला. खड्डा चाचपडून शोधला. पाय रोवले. वजन आलं तसे तिचे डोळे विस्फारले, पण ती डगमगली नाही.

"घेतलं," ती म्हणाली.

धाकट्याचा हात फळीखालीच होता. त्याला कळत होतं की सगळे थांबले आहेत. वरच्या पायरीवरून आई बघत होती. खालच्या उघड्या दारातून लालीचं अर्धं तोंड दिसत होतं, दारावरचं फूल दिसत होतं.

"अरे बोल की," थोरला कळवळला. "हात तुटले माझे."

धाकट्याने हात काढून घेतला. मग खिशात घातला, पाकिटातून ते कार्ड काढलं आणि जिना चढून आईच्या हातात ठेवलं. "बाकी फिटल्याचं कळलं की बंद करायला सांगतो बँकेला. तोवर तुझ्याकडे. आणि त्या फर्निचरवाल्याला उद्या फोन करतो. सीट तेवढी काढून घेईन म्हणतो. बघू, देतो का."

"ते ठीक," आई म्हणाली. "पण मला काही ऐकू आलं नाही."

तो वळणावर परत आला. बायकोच्या कपाळावर घाम जमला होता. ती त्याच्याकडे बघत होती आणि जागची हलत नव्हती. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"सोडलं!"

जिना खालपासून वरपर्यंत दणाणला. तो बाबांचाच आवाज होता. आपल्या गळ्यात तो आहे हे धाकट्याला आजवर माहीत नव्हतं. वर आईने कठडा घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं राहून गेलेलं काहीतरी एकदाचं तिच्या कानावर पडलं होतं.

मग धाकटीने खालच्या पायरीवर पाऊल टाकलं.